मधुमेही बोक्याचं वेट फूड: आधी इन्सुलिन, मग गणित, मग डबा

तुमचा बोका १० वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन ६.८ किलो, आणि आजवर दिवसभर वाटीत ड्राय फूड. पाणी फार प्यायला लागला, लिटर बॉक्समधल्या वाळूत लघवीचे मोठमोठे गोळे दिसायला लागले म्हणून तपासलं, तर शुगर ४१२ आणि लघवीतही साखर. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ १-१ युनिट सुरू केलं आणि ‘हळूहळू वेट फूडवर आणा’ म्हणाले. दुकानदार मधुमेहासाठीचा महागडा डबा पुढे करतोय, आई म्हणतात उकडलेलं चिकन घाल, आणि तुम्ही विचारताय की नेमकं कुठलं घेऊ.

मी २२ वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. तरी मी एका ब्रँडचं नाव देणार नाही. एकाच कंपनीच्या दोन पाउचमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि आज दुकानात असलेला माल पुढच्या महिन्यात मिळेलच असं नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. त्या खाण्यात कार्बोहायड्रेट किती, तुमचा बोका ते रोज खाईल का, आणि खाणं बदललं की इन्सुलिनचं काय करायचं. तिसरा तुम्ही विचारलेला नाही, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथून सुरुवात करते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आजींचा बोका असाच मधुमेही. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘ड्राय बंद, वेट सुरू’. आजी शब्दाला पक्क्या. त्यांनी त्याच दिवशी ड्रायचा डबा उचलून ठेवला आणि इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे चालू ठेवलं. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता फोन आला. बोका ओट्याखाली आडवा पडलाय, मागचे पाय धरत नाहीत, डोळे मोठे झालेत, हाक मारली तरी बघत नाही. मी फोनवरच सांगितलं, बोटावर मध घ्या आणि त्याच्या हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका. दहा मिनिटांनी त्याने मान उचलली. क्लिनिकमध्ये आणला तेव्हा, मध चाटून झाल्यावरही, शुगर ५४ होती. चूक आजींची नव्हती, माझी होती. खाण्यातलं कार्बोहायड्रेट कमी झालं की इन्सुलिनची गरजही कमी होते, कधीकधी आठवड्याभरात निम्म्यावर येते, आणि हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी खाणं बदलण्याला डोस बदलण्याइतकंच मोठं पाऊल मानते.

म्हणून पहिलं काम डबा घेण्याचं नाही. डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, ‘मी अमुक तारखेपासून खाणं बदलतेय, शुगर कधी-कधी मोजू आणि कुठल्या आकड्याला तुम्हाला कळवू?’ घरी ग्लुकोमीटर घ्या. कानाच्या कडेवर छोटी टोचणी पुरते, बहुतेक मांजरांना ती सवयीची होते. क्लिनिकमध्ये घाबरून मांजराची शुगर वाढते, त्यामुळे घरचा आकडा जास्त खरा. माणसांच्या मीटरवर मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते, तेवढं लक्षात असू द्या. मी नवीन लोकांना सांगते की इन्सुलिनच्या आधीचा आकडा १५० च्या खाली असेल तर टोचण्याआधी फोन करा. आणि ६० च्या खाली असेल, किंवा आकडा काहीही असो पण बोका झोकांड्या खातोय, थरथरतोय, एकटक बघतोय, तर आधी मध किंवा साखरेचं घट्ट पाणी हिरड्यांना लावा, गिळत असेल तर खायला द्या आणि मग डॉक्टरांकडे न्या. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, चावेल. गाल बाहेरून ओढून हिरडीवर बाहेरूनच लावा.

याच ओघात सिरिंजचंही सांगून टाकते, कारण आपल्याकडे ही चूक सहज होते. ग्लार्जिन सहसा १०० युनिट प्रति मिली ताकदीचं असतं. माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या कुप्या भारतात बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि मेडिकलवाला सवयीने त्याच सिरिंज देतो. ४० च्या सिरिंजने ग्लार्जिन भरलंत तर अडीच पट डोस जातो. सिरिंजवर १०० लिहिलंय का, हे आजच बघा.

आता कार्बोहायड्रेट. मांजर पक्कं मांसाहारी. शिकारीत तिला प्रथिनं आणि चरबी मिळते, पिष्ट जवळपास नाहीच. तिच्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज नसतं. जेवणानंतर रक्तात एकदम आलेली साखर झटकन उचलायला यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं जे एन्झाइम लागतं, त्याचं कामही तिच्यात फार थोडं. उलट प्रथिनांपासून हवी तेवढी साखर बनवायचा कारखाना तिच्या यकृतात अखंड चालू असतो. अशा प्राण्याला तिसरा हिस्सा पिष्ट असलेलं खाणं दिवसभर मिळालं, वर तो जाड आणि घरात बसलेला असला, की इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो आणि स्वादुपिंड थकतं. नसबंदी झालेले, वजनदार, वयस्कर बोके यात सगळ्यात जास्त दिसतात. तुमचा बोका त्याच वर्णनात बसतो, पण यात एक चांगली बाजूही आहे. मधुमेह नुकताच कळला असेल, इन्सुलिन वेळेत सुरू झालं असेल आणि खाण्यात कार्बोहायड्रेट कमी असेल, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. सगळ्यांचं सुटत नाही, आणि सुटलेल्यांतल्या काहींचा मधुमेह परत येतो. पण प्रयत्न करण्याची योग्य वेळ हीच आहे.

किती कमी म्हणजे कमी? पशुवैद्यकातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साधारण १२ टक्के हा आकडा येतो. म्हणजे एकूण कॅलरींपैकी जास्तीत जास्त १२ टक्के कार्बोहायड्रेटमधून. गोम अशी की पाकिटावर कार्बोहायड्रेट बहुधा छापलेलंच नसतं, आणि जे टक्के छापलेले असतात ते वजनाचे असतात, कॅलरींचे नाही. ते आपणच काढायचं.

कागद घ्या. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (लेबलवर ‘अ‍ॅश’, म्हणजे खाण्यातली खनिजं) यांची बेरीज करा. राख दिलेली नसेल तर वेट फूडला २ आणि ड्रायला ८ धरा. बेरीज १०० मधून वजा केली की उरतं ते कार्बोहायड्रेट. मग प्रथिनं आणि कार्बोहायड्रेट यांना ३.५ ने आणि चरबीला ८.५ ने गुणा. या तिन्हींची बेरीज म्हणजे १०० ग्रामच्या कॅलरी.

एक ग्रेव्हीवालं पाउच घेऊ: प्रथिनं ८, चरबी ३, तंतू १, ओलावा ८२, राख २. बेरीज ९६, उरले ४. वाचताना वाटतं, ‘चारच तर टक्के!’ आता कॅलरी बघा. प्रथिनांच्या २८, चरबीच्या २५.५, कार्बोहायड्रेटच्या १४, एकूण ६७.५. त्यातल्या १४ म्हणजे जवळजवळ २१ टक्के. नापास. दुसरं, घट्ट वडीसारखं किंवा मूससारखं असतं ते: प्रथिनं १०.५, चरबी ५, तंतू ०.५, ओलावा ८०, राख २.५. उरतात १.५. एकूण कॅलरी साधारण ८४.५ आणि त्यात कार्बोहायड्रेटच्या सव्वापाच, म्हणजे ६ टक्के. उत्तम. तुलनेला एक नेहमीचं ड्राय: प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०, राख ८. उरले ३४, आणि कॅलरींत त्यांचा वाटा ३६ टक्के. बोक्याच्या वाटीत दिवसभर हे होतं.

हे गणित ढोबळ आहे. पाकिटावर प्रथिनं ‘किमान’ आणि ओलावा ‘कमाल’ लिहिलेला असतो, आणि ओल्या खाण्यात ओलाव्याचा एक टक्का इकडेतिकडे झाला तरी उत्तर बरंच हलतं. त्यामुळे ६ आणि ८ मध्ये भांडत बसू नका, पण २१ असेल तर ते पाउच परत फळीवर ठेवा. अगदी नेमकं हवं असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा की १०० कॅलरींमागे कार्बोहायड्रेट किती ग्राम. ३ ग्रामच्या आत उत्तर आलं तर घ्या.

दुकानात उभ्या उभ्या गणित होत नसेल तर घटकांची यादी वाचा. गव्हाचं पीठ, तांदूळ, मका, बटाटा, वाटाणा, ‘मॉडिफाइड स्टार्च’, टॅपिओका यांतलं काही पहिल्या चार-पाच नावांत असेल तर सोडा. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचंच पिष्ट. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, धान्याऐवजी बटाटा घातलेला असतो. ग्वार गम, झँथन गम, कॅराजीनन ही घट्टपणासाठीची नावं दिसली तर मधुमेहाच्या दृष्टीने घाबरायचं कारण नाही, त्यांची साखर होत नाही. म्हणून साधारणपणे मूस आणि घट्ट लोफ (वर म्हटलं ते वडीसारखं) सगळ्यात चांगले, जेली त्याखालोखाल, ग्रेव्ही शेवटी. ग्रेव्ही दाट होते ती बहुधा पिठाने. आणि तुम्ही बघितलं असेल, पुष्कळ मांजरं रस्सा तेवढा चाटून घेतात आणि तुकडे बाजूला सारतात. म्हणजे नेमकं नको ते पोटात आणि हवं ते वाटीत.

आणखी एक शब्द शोधायचा: ‘कम्प्लीट’, म्हणजे पूर्ण आहार. टूना किंवा चिकनच्या पांढऱ्या धाग्यांचे सुंदर दिसणारे छोटे डबे असतात, त्यांवर बारीक अक्षरात ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असतं. कार्बोहायड्रेट त्यात जवळजवळ शून्य, पण ते पूरक खाणं आहे. रोजचं जेवण म्हणून चालत नाही.

मधुमेहासाठीच्या प्रिस्क्रिप्शन डब्याबद्दल. ओलं असेल, परवडत असेल आणि बोका खात असेल तर डोळे झाकून घ्या. पण ते नसलं तर उपचार अडत नाही, साध्या कम्प्लीट लोफवर मी कितीतरी मांजरं सांभाळलीत. आणि प्रिस्क्रिप्शनचं ड्राय घेणार असाल तर त्याचंही वरचं गणित करा. काहींत कार्बोहायड्रेट अपेक्षेपेक्षा बरंच निघतं, कारण ती तंतू वाढवण्याच्या जुन्या विचाराने बनवलेली असतात.

आईंचं चिकन. आईंचा विचार दिशेने बरोबर आहे, हे त्यांना नक्की सांगा. उकडलेल्या चिकनमध्ये कार्बोहायड्रेट नाही आणि बोके ते आवडीने खातात. पण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नाही, काही जीवनसत्त्वं पुरेशी नाहीत, आणि उकडलेलं पाणी ओतून दिलं तर टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल, तेही वाहून जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय पसरतं आणि दृष्टी जाते. १९८७ मध्ये हृदयाचा हा संबंध सिद्ध झाला, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं आणि तो आजार खूप कमी झाला. आज तो मला दिसतो तो घरच्या चिकनवर किंवा कुत्र्याच्या खाण्यावर वाढवलेल्या मांजरात. म्हणून दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापर्यंत चिकन द्या, म्हणजे दोन-तीन छोटे तुकडे. मीठ, हळद, तेल नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सगळंच घरचं द्यायचं असेल तर पशु-आहारतज्ज्ञाकडून कृती आणि सप्लिमेंट लिहून घ्या. यूट्यूबवरून नको.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलू शकतं. क्रिएटिनिन, म्हणजे रक्ततपासणीतला मूत्रपिंडाचा आकडा, किती आहे? मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल तर फॉस्फरस सांभाळावा लागतो, आणि भरपूर प्रथिनांच्या डब्यात फॉस्फरसही भरपूर. अशा वेळी मी मूत्रपिंडाला झुकतं माप देते आणि शुगर इन्सुलिनने सांभाळते. मागच्या दोन-तीन महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंड आल्यामुळे लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? असेल तर मधुमेहाचं मूळ तिथे असू शकतं आणि तो औषधाचा असर उतरल्यावर निवळूही शकतो. दात किडलेत का, हिरड्या लाल आहेत का? तोंडातला संसर्ग इन्सुलिनला दाद देऊ देत नाही, डबा कितीही चांगला असला तरी. उलट्या होत असतील तर स्वादुपिंडाची सूज तपासून घ्या.

किती द्यायचं? ६.८ किलोचं वजन तुम्हाला ५.५ वर आणायचं असेल असं धरते. ५.५ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २५० कॅलरी पुरतात. वरच्या लोफचं ८५ ग्रामचं पाउच ७२ कॅलरींचं, म्हणजे दिवसाला साडेतीन. शुगर ताब्यात येईपर्यंत यापेक्षा कमी करू नका, आत्ता त्याच्या लघवीतून कॅलरी वाहून जातायत. ताब्यात आली की महिन्याला २००-२५० ग्राम उतरलं तरी पुष्कळ. आणि उपास कधीही घडवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी भरते आणि ते जिवावर बेततं. ‘भूक लागली की खाईल’ हा कुत्र्याचा नियम मांजराला लावू नका.

म्हणून बदल हळू करा, दोन आठवडे तरी. पहिले तीन-चार दिवस ड्रायचा चौथा हिस्सा काढून तेवढ्या कॅलरींचं वेट द्या, मग अर्धा, मग पाऊण. जन्मभर कुरकुरीत खाल्लेल्या बोक्याला मऊ गोळा म्हणजे खाणंच वाटत नाही. फ्रिजमधून काढलेलं थंड देऊ नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, वास सुटू द्या. ड्रायचे चार दाणे खलबत्त्यात कुटून वर भुरभुरवा, चार दाण्यांनी काही बिघडत नाही. तीन वेगवेगळ्या लोफचं एकेक पाउच आणून बघा, एकदम डझनाचा बॉक्स घेऊ नका. वाटी उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बाहेर नको, आणि मुंग्या येत असतील तर पाण्याच्या ताटलीत ठेवा. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. इन्सुलिनच्या वेळी बोक्याने काहीच खाल्लं नसेल तर पूर्ण डोस टोचू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं घरच्या माणसांचं. एका बोक्याची रात्रीची शुगर मला तीन आठवडे उमगेना. दिवसभर छान, नऊ वाजता उसळी. खाणं तेच, डोस तोच. शेवटी घरातली सात वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आजोबा त्याला रोज मारी बिस्कीट देतात, दुधात बुडवून.’ आजोबांना वाटत होतं की एवढ्याशा तुकड्याने काय होतंय. गाईच्या १०० मिली दुधात जवळपास ५ ग्राम साखर असते, वर बिस्किटाचा मैदा. दूध-भात, दूध-चपाती, बिस्कीट, फरसाण, दुकानातले कुरकुरीत ट्रीट, हे सगळं घरातल्या प्रत्येकाला बसवून सांगा. आजोबांना हातातून काहीतरी द्यायचंच असतं, ते मी मोडत नाही. त्यांना उकडलेल्या चिकनचे तुकडे डबीत काढून दिले, तोच दहावा हिस्सा. बोका अजूनही नऊ वाजता त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसतो.

डॉक्टरांशी बोलून झालं की बदल सुरू करण्याआधी तीन दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे नंतर किती उतरलं ते कळेल. जे पाउच मिळतंय त्याच्या मागच्या बाजूचे टक्के आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट मला इथे लिहून कळवा, गणित मी करून देते.